मल्टिटूल तपासणे आणि सुधारणे: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

नवे मल्टिटूल, म्हणजे पकड, पाते, स्क्रूड्रायव्हर वगैरे एकाच मुठीत असलेले अवजार, हातात आले की बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी दोन कामे उरकतात. स्क्रू थोडे सैल करून ते ‘मोकळे’ करतात आणि पात्याला आणखी धार लावतात. महिन्याभरात पाते डुगडुगू लागते, पकडीच्या कटरला खाचा पडतात, आणि दोष मूळचा होता की आपण ओढवून घेतला हे कोणालाच सांगता येत नाही, कारण अवजार मुळात कसे होते याची नोंद कुठेच नसते. चुकतो तो क्रम. आधी सफाई, मग नोंद, मग भार देऊन तपासणी, मग निर्णय, आणि कानस सर्वांत शेवटी. कानशीने काढलेले पोलाद परत चढवता येत नाही, एवढे एकच कारण या क्रमासाठी पुरेसे आहे.

पुढील पायऱ्या सोलापूर आणि परिसरातील कामे डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) खिशातले मल्टिटूल तूस (सुताचे उडणारे बारीक तंतू) आणि तेलाने बिघडते, सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबाच्या बागेतले मोरचूद आणि चिकणमातीने, तर दुचाकीच्या डिकीत पडून असलेले दुर्लक्षाने. आपले अवजार यांपैकी कोणत्या जागी राहणार आहे, हे आधी ठरवा. कोणती चाचणी कडक घ्यायची आणि कोणता बदल करायचा, हे त्यावरच अवलंबून आहे.

## १. तयारी: सामान जमवल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका

मोजण्यासाठी व्हर्नियर, भिंग, बॅटरी आणि एक वही लागेल. सफाईसाठी नायलॉनचा जुना ब्रश, लाकडी टूथपिक, भांडी घासण्याचे द्रव साबण आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. घासकामासाठी बारीक दातांची चपटी कानस, सुईकानशींचा लहान संच आणि ४००, ८०० व १५०० नंबरचे पॉलिश पेपर घ्या. वस्तू घट्ट धरणारी वाईस असेल तर उत्तम, मात्र तिच्या जबड्यांना लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्याशिवाय अवजार त्यात धरू नका. खोलण्यासाठी टॉर्क्सचे (सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचे) टी-६, टी-८ आणि टी-१० हे बिट बहुधा लागतात. काही कंपन्यांच्या स्क्रूच्या मध्यभागी खुंटी असते, तिथे भोक असलेलाच बिट चालतो.

तपासणीचे साहित्य वेगळे काढून ठेवा: सुती दोरा, वायरिंगची १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, १८ गेजची बांधणीची तार (सुमारे १.२ मिमी जाड), १४ गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार (सुमारे २ मिमी), एम-६ आणि एम-८ आकाराचे नट-बोल्ट, लाकडी स्क्रू आणि बाभळीच्या फळीचा तुकडा. बागेतल्या कामासाठी अवजार घेतले असेल तर १६ मिमीच्या ठिबक नळीचा हातभर तुकडाही जवळ ठेवा. एकाच रिळाची तार पुरेशी जपून ठेवा, कारण बदलानंतरची फेरतपासणी त्याच तारेवर व्हायला हवी.

कामाच्या टेबलावर पांढरा कागद पसरा. घरात टॉवेलांची कमतरता नाही म्हणून आपल्याकडे सर्रास टॉवेल अंथरला जातो. परंतु टॉवेलच्या फासांत पातळ वॉशर अडकतो, आणि तो झटकला की वॉशर कुठे उडाला हे संध्याकाळपर्यंत सापडत नाही.

सावधान: मल्टिटूलची मूठ धातूची असते आणि तिला विजेपासून संरक्षण नसते. मागाच्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा असतो आणि घरच्या बोर्डात २३० व्होल्टचा. मुठीला टेप गुंडाळून किंवा रबरी नळी चढवून ती विजेच्या कामासाठी सुरक्षित होत नाही. असा ‘बदल’ या लेखात नाही आणि तो कोणी करूही नये.

## २. सफाई: आधी कोरडी, मगच ओली

नव्या अवजारातही कारखान्यातले संरक्षक तेल आणि घासकामाची बारीक पूड असते. वापरलेल्या अवजारात त्याहून बरेच काही असते. मागाखाली वापरलेल्या मल्टिटूलची मूठ उघडून बिजागरीच्या फटीत भिंगातून पाहिले, तर करड्या रंगाचा, दाबून बसलेला नमद्यासारखा थर दिसतो. उडणारे तूस तेलाला चिकटते, पाते उघड-मीट करताना दाबले जाते, त्यावर पुन्हा तूस बसते. हा थर पात्याला एका बाजूला रेटतो, म्हणून पाते मधोमध न बसता मुठीच्या आतल्या बाजूला घासते. पाहणाऱ्याला वाटते की पाते वाकले आहे. प्रत्यक्षात ते मळामुळे तिरके झालेले असते.

हा थर थेट साबणाच्या पाण्यात बुडवला तर तो फुगून फटीत आणखी घट्ट बसतो. म्हणून सर्व पाती अर्धी उघडून टूथपिकने तो कोरडाच उचकटून काढा आणि ब्रशने झटका. सुई किंवा पिन वापरू नका. तिचा ओरखडा वॉशरच्या पृष्ठभागावर कायमचा राहतो. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा वापरायची असेल तर डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि हवेबरोबर पाणी-तेलाचे थेंब येत नाहीत ना, हे आधी ती हवा कागदावर सोडून बघा.

त्यानंतर कोमट पाण्यात साबण घालून अवजार त्यात पाण्याखालीच उघड-मीट करा, पाणी बदला आणि पुन्हा करा. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते आणि सुकल्यावर सांध्यात पांढरा थर सोडते, त्यामुळे शेवटचे खळबळणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावे. कापडाने पुसून, सांध्यांत अल्कोहोलचे काही थेंब सोडून, पंख्याखाली तासभर वाळू द्या. तेल आत्ता घालायचे नाही.

सावधान: पेट्रोलने धुण्याची सवय सोडा. पेटण्याचा धोका तर आहेच, शिवाय मुठीवरचे प्लॅस्टिक आणि रबर त्याने खराब होते.

## ३. मूळ स्थितीची नोंद

तेल नसलेल्या, स्वच्छ अवजाराची स्थिती हीच त्याची खरी स्थिती. वहीत तारीख टाकून पुढील गोष्टी लिहा आणि प्रत्येकीचा फोटो घ्या.

पकड मिटवून ती उजेडासमोर धरा. जबड्यांची टोके एकमेकांना टेकली पाहिजेत. टोके टेकली असताना मागे केसाएवढी फट दिसणे चालते, पण मागचा भाग टेकून टोकाशी फट राहणे चालत नाही, कारण अशी पकड बारीक तार धरू शकत नाही. कागदाची पट्टी टोकांत धरून ओढा: ती फाटली तर पकड ठीक, सुळकन निसटली तर टोकांत दोष आहे.

प्रत्येक पाते उघडून त्याचे टोक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. हालचाल अजिबात नसेल तर ०, जेमतेम जाणवत असेल तर १ आणि डोळ्यांना दिसत असेल तर २, असे गुण द्या. डावी-उजवीकडची हालचाल सांध्याचा स्क्रू आवळून बहुतेक वेळा जाते. वर-खालची हालचाल मात्र लॉकच्या (उघडे पाते मिटू न देणाऱ्या पट्टीच्या) बसण्यातून येते आणि ती स्क्रू आवळून जात नाही. हा फरक न कळल्यामुळेच पुष्कळ जण स्क्रू आवळत राहतात आणि शेवटी पाते उघडेनासे होते.

लॉकची पट्टी पात्याच्या मागच्या टाचेवर किती सरकली आहे तेही पाहा. नव्या अवजारात ती टाचेच्या सुरुवातीच्या भागावर बसते. ती पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचली असेल तर झीज पूर्ण झाली आहे असे समजावे, आणि असे अवजार नवे असेल तर ते परत करावे.

चुंबक लावून पाहण्याची पद्धत इथे फसवते. ‘चुंबक चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाही’ हे भांड्यांच्या दुकानातले शहाणपण ३०४ सारख्या पोलादाबाबत साधारण खरे ठरते. मल्टिटूलची पाती मात्र बहुधा ४२० गटातल्या कठीण करता येणाऱ्या स्टेनलेस पोलादाची असतात आणि त्यांना चुंबक चिकटतोच. उलट धार लावायच्या पात्याला चुंबक अजिबात चिकटत नसेल, तर ते पोलाद उष्णता देऊन कठीण करता येण्याजोगे नसण्याचीच शक्यता जास्त.

पडताळणी: वहीत किमान या पाच नोंदी झाल्या का? जबड्यांची फट, प्रत्येक पात्याची हालचाल, लॉकची जागा, स्क्रूंची स्थिती आणि कटरच्या धारेचा भिंगातून घेतलेला फोटो. एकही राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

## ४. भार देऊन तपासणी: हलक्यापासून जडाकडे

ही पायरी सर्वांत जास्त चुकते. लोक पहिल्याच दिवशी खिळा कापून बघतात. खिळा तुटला तर अवजार ‘भारी’ आणि कटर तुटला तर ‘भिकार’, असा निकाल लागतो. दोन्ही निकालांना अर्थ नाही. तपासणीचा हेतू अवजार मोडण्याचा नसून, कोणत्या भाराला ते कुरकुरायला लागते हे शोधण्याचा आहे.

कटर. पहिल्यांदा सुती दोरा कापा, आणि तो कटरच्या मुळाशी, मध्ये आणि टोकाशी असा तीन जागी कापा. एखाद्या जागी दोरा तुटण्याऐवजी चेमटला तर तिथे दोन धारा टेकत नाहीत. मग तांब्याची वायर, मग बांधणीची तार, आणि शेवटी जीआय तार. प्रत्येक तारेनंतर धार पुसून भिंगातून पाहा आणि वही लिहा. तार नेहमी कटरच्या मुळाशी, सांध्याच्या जवळ धरावी; तिथे हाताचा जोर सर्वाधिक लागू पडतो आणि जबड्यांवरचा ताण कमी राहतो. कापताना पकड डावी-उजवीकडे पिळू नये. खाचा पडतात त्या बहुतेक वेळा या पिळण्यामुळेच, तारेच्या जाडीमुळे नव्हे.

क्लचची केबल, सायकलची तार, स्प्रिंग आणि काँक्रीटचा खिळा या चार वस्तू कापायच्याच नाहीत. त्या स्प्रिंगच्या पोलादाच्या किंवा तितक्याच कठीण धातूच्या असतात, आणि कटरच्या धारेत त्यांच्या आकाराचा अर्धगोल कोरला जातो. लेदरमन कंपनीच्या वेव्ह प्लससारख्या काही मॉडेलांत कटरच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या आणि बदलण्याजोग्या असतात. ज्यांचे रोजचे काम तारेशी आहे त्यांनी खरेदीच्या वेळीच ही सोय बघावी. हा एक गुण मला बाकीच्या दहा पात्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

जबडे आणि मूठ. एम-६ बोल्टचे डोके १० मिमीचे आणि एम-८ चे १३ मिमीचे असते. पान्याने बेताने आवळलेला एम-६ नट पकडीने सोडवून पाहा, नंतर एम-८. पकड घसरते का, मूठ वाकल्यासारखी वाटते का, आणि मुख्य म्हणजे मुठीची कड तळहातात कुठे रुतते, हे नोंदवा. रुतण्याच्या जागी मार्करने अवजारावरच खूण करून ठेवा. पुढे घासायचे ते नेमके तिथेच. मुठींची टोके मोकळी असतानाचे आणि जोर दिल्यावरचे अंतर व्हर्नियरने मोजले तर लवचीकपणा आकड्यात येतो. जोर काढल्यावर अंतर पूर्ववत झाले पाहिजे. ते झाले नाही तर मूठ कायमची वाकली आहे.

स्क्रूड्रायव्हर. बाभळीच्या फळीत आधी बारीक भोक पाडून लाकडी स्क्रू आत घाला आणि बाहेर काढा. चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक स्क्रूच्या खाचेतून वर चढत असेल तर त्याच्या बाजू उतरत्या आहेत, आणि हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. टोकच पिळले गेले तर पोलाद मऊ आहे. त्याला उपाय नाही.

लॉक. मुठीवरची बोटे पात्याच्या मिटण्याच्या वाटेतून बाजूला काढा, जाड हातमोजा घाला, पाते उघडून त्याची पाठ लाकडाच्या फळीवर टेकवा आणि हळूहळू दाब वाढवा. लॉक सरकल्याचा आवाज किंवा जाणीव झाली की थांबा. पाठ फळीवर आपटून लॉक तपासणारे बरेच आहेत. आपटण्याने चांगला लॉकही झिजतो आणि हाताला इजा होते ती वेगळीच.

ठिबकची नळी आणि मोरचूद. बागेतल्या कामासाठी १६ मिमीची नळी काटकोनात कापून पाहा. कड तिरकी आली तर जोड गळतो. फवारणीच्या बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या द्रावणाची) आम्लता बघण्यासाठी त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवतात, आणि तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतात. या कामासाठी मल्टिटूलचे पाते कधीही वापरू नका. मिश्रण सांध्यात शिरते, तिथे ते सुकते आणि पोलाद आतून खात राहते. चुकून बुडालेच तर त्याच तासाला दुसऱ्या पायरीची ओली सफाई करावी.

तडा शोधणे. भारानंतर जबड्याच्या मुळाशी पातळ तेल लावा, पाच-दहा मिनिटे थांबा, कोरड्या कापडाने पूर्ण पुसा आणि त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेले तेल पुडीत झिरपून काळपट रेघ उमटते. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग तपासायला रॉकेल आणि खडू वापरतात, त्यातलीच ही रीत.

## ५. निर्णय: काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे

आता वही उघडून दोषांचे तीन गट करा. पहिला गट सांध्याच्या आवळणीचा, म्हणजे बाजूची हालचाल, जड उघडणे, एका बाजूला घासणारे पाते. दुसरा गट पृष्ठभागाचा: रुतणाऱ्या कडा, बर (कडेला उभी राहिलेली धातूची बारीक खरखरीत कोर), उतरते टोक, बोथट धार. तिसरा गट रचनेचा, म्हणजे लॉकची वर-खाली हालचाल, तडा, टोकाशी न टेकणारे जबडे, वाकलेली मूठ. पहिल्या दोन गटांवर घरी काम करता येते. तिसऱ्या गटाला कानस लावू नये.

हमीचा विचार इथेच करावा. लेदरमन २५ वर्षांची हमी देते; परंतु मालकाने बदल केलेले अवजार हमीत धरले जाईल अशी अपेक्षा कोणत्याही कंपनीकडून ठेवू नये. रचनेचा दोष असेल तर अवजार जसेच्या तसे, नोंदी आणि फोटो जोडून परत पाठवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. स्वस्त, हमी नसलेल्या अवजारावर हात मोकळा ठेवायला हरकत नाही, किंबहुना पहिला सराव त्याच्यावरच करावा.

व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या स्विसटूलसारख्या अवजारांचे सांधे रिव्हेटचे असतात. त्यांची सहावी पायरी वगळून थेट सातवीकडे जावे. रिव्हेट ड्रिलने काढून तिथे स्क्रू बसवण्याचे प्रयोग करणारे आहेत, पण भोकाचा काटेकोरपणा घरच्या ड्रिलने साधत नाही.

## ६. खोलणे

मूठ उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. टॉर्क्स बिट स्क्रूच्या डोक्यात पूर्ण खाली बसला आहे याची खात्री करून, वरून दाब देऊन मगच फिरवा. स्क्रू हलत नसेल तर त्यावर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) आहे असे समजा: सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करा. जोर लावून बिट घसरला आणि डोके गोल झाले, की पुढचे सगळे काम त्या एका स्क्रूपाशी अडते.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. पाती आणि वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने कागदावर डावीकडून उजवीकडे मांडा आणि प्रत्येकाखाली आकडा लिहा. वॉशर दिसायला सारखे असले तरी त्यांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येकाची जाडी व्हर्नियरने मोजून आकड्याशेजारी लिहावी. हे कंटाळवाणे आहे आणि वगळले जाते, त्यामुळेच पुन्हा जोडलेले अवजार पहिल्यासारखे चालत नाही.

पडताळणी: कागदावरच्या वस्तूंची संख्या फोटोतल्या संख्येशी जुळते का? पंखा बंद आहे का?

## ७. घासकाम: खूण केली तेवढेच

मुठीची रुतणारी कड ४०० नंबरच्या पेपरने, मार्करची खूण पुसली जाईपर्यंतच घासा, नंतर ८०० आणि शेवटी १५०० नंबरचा पेपर. कड गोल करायची नाही, फक्त मोडायची. मुठीचा पत्रा पातळ असतो, आणि त्याची ताकद वळवलेल्या कडेतच असते. पकडीच्या जबड्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर बर असेल तर कानशीचा एखाद-दुसरा हलका हात पुरतो. जबड्यांच्या आतल्या दातांना आणि कटरच्या धारेला कानस लावू नका. कटरची एक खाच घालवण्यासाठी दोन्ही धारा उतरवल्या की त्यांच्यात कायमची फट राहते, आणि दोरासुद्धा कापला जात नाही.

चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक वाईसमध्ये धरून त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर आणि टोक काटकोनात आणा. दर चार-पाच हातांनंतर प्रत्यक्ष स्क्रूच्या खाचेत बसवून पाहा. टोक खाचेच्या तळाला टेकले आणि बाजूला हलले नाही की थांबा.

ज्या अवजारात कंपनीचे चपटे बिट बसतात, त्यात बाजारातला ६.३५ मिमीचा षटकोनी बिट बसवण्यासाठी त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू उतरवता येतात. इथे एक नियम न मोडता पाळा: घासायचा तो बिट, अवजाराची खोबण नव्हे. बिट वीस-तीस रुपयांचा असतो. मूळ बिटची जाडी मोजून घ्या, दोन्ही बाजूंनी सारखे घासा आणि तो हाताच्या दाबाने जाईल इतकाच सैल ठेवा.

सावधान: बेंच ग्राइंडर वापरत असाल तर तुकडा उघड्या बोटांनी धरा आणि बोटांना चटका जाणवण्याआधी पाण्यात बुडवा. हातमोजा घालून ग्राइंडरजवळ जाऊ नका, तो चाकात ओढला जातो. पोलादावर पिवळट किंवा निळसर रंग उमटला तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजेच त्याची कठीणता गेली, आणि ती पुन्हा धार लावून येत नाही.

## ८. धार

सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे मल्टिटूलचे पाते देऊ नये. विळी-कोयत्याला त्याचा हात चांगला असतो, पण कोरड्या चाकावर पातळ पाते तापते आणि मुठीजवळचा भाग जास्त खाल्ला जातो.

घरी दगडावर प्रत्येक बाजूला सुमारे २० अंशांचा कोन ठेवा. कोन डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजून घ्यावा: पात्याची रुंदी १८ मिमी असेल तर दगडापासून पात्याची पाठ साधारण ६ मिमी उंच राहिली पाहिजे. धारेच्या दोन्ही बाजू मार्करने रंगवा आणि दगडावर एक हात फिरवा. शाई अगदी कडेवरून गेली तर कोन बरोबर, कडेला शाई राहिली तर पाठ थोडी उचला. एका बाजूने संपूर्ण लांबीवर बर जाणवेपर्यंत घासा, मग दुसरी बाजू, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर ओढून बर काढा. दातेरी पात्याला सपाट दगड लावू नका. प्रत्येक दात्यात मावेल अशा, धार लावायच्या गोल काठीने फक्त उताराच्या बाजूने काम करावे. ते नको असेल तर तसेच सोडावे, दातेरी पाते बरेच दिवस कापत राहते.

## ९. जोडणी आणि तेल

घासकामाची पूड पुसून प्रत्येक तुकडा अल्कोहोलने स्वच्छ करा आणि कागदावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने जोडा. स्क्रू आधी थ्रेडलॉकरशिवाय आवळून बघा. पाते मोकळे उघडते पण हलत नाही, ही जागा सापडली की स्क्रू काढा, काडेपेटीच्या काडीच्या टोकाने निळ्या थ्रेडलॉकरचा कणभर ठिपका फक्त आट्यांवर लावा आणि त्याच जागेपर्यंत आवळा. लाल थ्रेडलॉकर वापरला तर पुढच्या वेळी खोलणे फार अवघड जाईल. चोवीस तास अवजार वापरू नये आणि तोपर्यंत तेलही घालू नये, कारण तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही.

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब प्रत्येक सांध्यात सोडा, वीस-पंचवीस वेळा उघड-मीट करा आणि बाहेर आलेले सगळे तेल पुसून घ्या. गोडेतेल किंवा खोबरेल घालू नका. गोडेतेल हवेने चिकट होत जाते, आणि खोबरेल थंडीत थिजते. डिसेंबरच्या पहाटे पाते का उघडत नाही, याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते. मागावर वापरायच्या अवजारासाठी लवकर वाळणारा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे अधिक चांगला, त्याला तूस कमी चिकटते. ग्रॅफाइटची पूड सांध्याला बरी असली तरी तिचा काळा डाग पांढऱ्या सुतावर उतरतो, आणि टॉवेलच्या मागावर तो कोणी खपवून घेणार नाही.

## १०. फेरतपासणी आणि पुढचे दिवस

तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा, त्याच तारेवर, त्याच फळीवर, त्याच क्रमाने करा. नोंदी जुन्या नोंदींशेजारी लिहा. एखादा गुण आधीपेक्षा वाईट आला असेल तर बदल चुकला आहे; बहुतेक वेळा कारण वॉशरच्या अदलाबदलीत सापडते. पन्नास वेळा उघड-मीट करून स्क्रू पुन्हा तपासा. त्यानंतर पंधरवडाभर अवजार रोजच्या कामात वापरा, पण त्या काळात दुसरा कोणताही बदल करू नका, नाहीतर कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळणार नाही.

ठेवण्याबाबत थोडक्यात: चामड्याची पिशवी घाम आणि ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात मल्टिटूल तिच्यात मुक्कामाला ठेवू नये, बॅग शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची, तळाला छिद्र असलेली पिशवी शिवून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असताना डिकीतले तेल पातळ होऊन ओघळते, त्यामुळे त्या दिवसांत सांधे दर पंधरा दिवसांनी बघावेत. विमानप्रवासात अवजार केबिनच्या बॅगेत चालत नाही, ते चेक-इन सामानात द्यावे.

खडूची तडा-चाचणी दर सहा महिन्यांनी करा. जबड्याच्या मुळाशी रेघ उमटली तर त्या दिवसापासून त्या पकडीने जोराचे काम बंद करावे. पकड ताणाखाली तुटली तर तुकडा थेट चेहऱ्याकडे उडतो. हमी असेल तर अवजार परत पाठवा. नसेल तर त्यातले स्क्रूड्रायव्हर आणि कानस वापरात ठेवा, पण दोन्ही जबडे तारेने बांधून टाका, म्हणजे घाईत दुसरे कोणी ती पकड वापरणार नाही.